मोशीची थंडी, चेन्नईचं ऊन: एकाच बाइकला टायरच्या दोन जोड्या

माझी केटीएमची आरसी ३९० ही २०१८ची आहे. चाकणला बनलेली, आणि गेली सात वर्षं मला रोज मोशीहून चाकणलाच घेऊन जाणारी. मी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीत काम करते. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर गेज असतो, त्यामुळे मोजायची सवय अंगात भिनली आहे. वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा, हीच बाइक चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर जाते. आतापर्यंत तिच्यावर टायरच्या पाच जोड्या चढल्या. प्रत्येक जोडीची हवा, खाचेची खोली आणि तापमान मी एका वहीत लिहीत आले आहे. हा रिव्ह्यू त्या वहीतून काढला आहे.

सध्या माझ्याकडे दोन जोड्या आहेत. रोजच्या वापराला अपोलोचे अल्फा एच-१, आणि ट्रॅकसाठी मऊ कंपाऊंडची, म्हणजे मऊ रबर-मिश्रणाची, एक परदेशी जोडी. त्या दुसऱ्या जोडीच्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. तिच्यावर असताना मी एकदा घसरले होते, आणि चूक पूर्णपणे माझी होती. उगाच कुणाच्या मालाला बट्टा लागू नये.

आधी ती घसरण्याची गोष्ट सांगते, कारण टायरकडे बघायची माझी नजर तिथेच बदलली. डिसेंबरात चेन्नईहून परत आलो तो रविवार होता. भोसरीतलं माझं नेहमीचं टायरचं दुकान बंद. ट्रॅकची जोडी बाइकवर तशीच होती. सोमवारी पहिली शिफ्ट. एवढा चिकट टायर आहे, पंधरा किलोमीटर तर जायचंय, असा विचार करून सहाला निघाले. हवा बोचरी होती, अकरा अंश. आंबेठाण चौकात वळले तेव्हा वेग तीसच्या आतच असेल. बाइक किंचित कललेली, रस्ता कोरडा, आणि मागचं चाक शांतपणे बाजूला सरकलं. पाय टेकला म्हणून पडले नाही, पण घोटा तीन आठवडे दुखला. कंपनीच्या गेटवर पोचल्यावर तापमान मोजायची इन्फ्रारेड गन टायरवर धरली: १९ अंश. दोनच दिवसांपूर्वी हाच टायर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी बाइक थांबवतात तिथे, ७१ अंश दाखवत होता, आणि तेव्हा तो डांबराला असा धरत होता की वळणात सोडायला तयार नव्हता.

दुकानात नवीन टायर दाबून बघत "ग्रिप कुणाची भारी?" असं विचारतात. मीही विचारायचे. आता मी विचारते, हा टायर किती अंशांना कामाला लागतो? रस्त्याच्या टायरचं रबर थंडीतही लवचिक राहावं असं बनवलेलं असतं. त्यात सिलिका जास्त असते, ओल्या आणि गार डांबरावर ती पकड देते. ट्रॅकच्या टायरचं कंपाऊंड सत्तर-ऐंशी अंश आणि त्याच्या वर जाऊन काम करायला बनवलेलं. तेवढं तापलं नाही तर ते हाताला मऊ लागलं तरी रस्त्यावर काचेसारखं वागतं. मोशी ते चाकण सिग्नल, कंटेनर आणि खड्डे यांतून जाताना टायर तापणार कशानं? टायर तापतो तो ब्रेक, थ्रॉटल आणि वळणातल्या दाबानं. माझ्या वहीत जानेवारीतल्या सकाळच्या नोंदी आहेत, पंधरा किलोमीटर चालवून रस्त्याचा टायर २६-२८ अंशांच्या वर गेलेला नाही. त्याला तेवढं पुरतं. ट्रॅकच्या टायरला ते झोपेतलं तापमान.

हे मला आमच्या आप्पांनी फार आधी दाखवलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. ते एसटीच्या नारायणगाव आगारात मेकॅनिक होते. माळशेज उतरून-चढून आलेल्या गाडीच्या प्रत्येक टायरवर तळवा ठेवत फिरायचे. दोन टायरांत फरक लागला की हवा बघायची, नाहीतर ब्रेक घासतोय का ते बघायचं. मी लहान असताना माझाही हात धरून टायरवर ठेवायचे आणि विचारायचे, "कोणता गरम?" मी गन घेतली ती अलीकडे. पण पिटमध्ये आले की अजूनही आधी ग्लोव्ह काढून तळवा लावते, मग गन. गन फक्त वरचा पापुद्रा मोजते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत थंड होऊ लागतो, म्हणून आत शिरताच लगेच मोजावं, नाहीतर आकडा फसवतो.

आता अल्फा एच-१. पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, दोन्ही सतरा इंची, स्टील रेडियल (आत पोलादी तारांचा पट्टा असलेले) आणि झेडआर (ताशी २४०च्या वरच्या वेगासाठीचे). बाइकसोबत आलेले मेट्झेलरचे स्पोर्टेक एम-५ मला फार आवडायचे, विशेषतः पावसात. ते झिजले तेव्हा जून २०२०मध्ये सरकारनं नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली होती, आणि हव्या त्या मापाचा परदेशी टायर मिळणं नशिबावर आलं. मग मधली एक जोडी दुसऱ्या एका दुकानातून घेतली, त्याचं पुढे सांगते. अल्फा एच-१ मी २०२२पासून वापरते आणि ही माझी त्याची दुसरी जोडी आहे. एखादा टायर स्वतःच्या पैशांनी दुसऱ्यांदा घेतला, यातच माझं मत आलं.

कोरड्या रस्त्यावर त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे पहिल्या वळणापासून तो जागा असतो. सोसायटीच्या गेटबाहेर डावीकडे वळते तिथेच बाइक हवी तशी कलते, थांबून वाट बघावी लागत नाही. बाजू टोकदार नाही, गोलाई सलग आहे, त्यामुळे कलताना मध्येच झोल जात नाही. खड्ड्यात आदळला की धक्का हँडलपर्यंत येतो, पण स्टील रेडियलकडून मी वेगळी अपेक्षा ठेवली नव्हती. पावसाळ्यात मी ताम्हिणीत दोनदा गेले, एकदा तर मुळशीच्या पुढे समोरचं काही दिसेना इतका पाऊस. वेग मी कमी ठेवला होता, पण पाणी साचलेल्या पट्ट्यांवर पुढचं चाक तरंगल्यासारखं वाटलं नाही. खाचा असतात त्या पाणी बाहेर ढकलायला. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याला जायला वाट नसेल तर कितीही चिकट रबर पाण्यावरच बसणार. ट्रॅकच्या जोडीला मध्यभागी नावापुरत्या दोन-चार खाचा आहेत आणि कडा संपूर्ण गुळगुळीत. ती जोडी घालून मी पावसात चाकणला जाणार नाही. आणि पहिल्या पावसात, डांबरावर सांडलेलं डिझेल वर येतं तेव्हा, कोणत्याच टायरवर जोर करू नये.

झीज: मागच्या चाकाच्या टायरला ९,००० किलोमीटरवर मध्यभागी खाच २.४ मिलिमीटर उरली होती आणि कडेला ४.९. म्हणजे मी सरळ किती जाते आणि कलते किती कमी, हे टायरनंच लिहून दिलं. मध्यभाग असा सपाट झाला की बाइक वळायला आधी आळस करते आणि मग सपाटाची धार ओलांडली की एकदम पडते. रस्त्यावर याची सवय होऊन जाते, कारण बदल रोज थोडा थोडा होतो. ट्रॅकवर ती सवय अंगाशी येते.

२०१९मध्ये मी पहिल्यांदा चेन्नईला गेले ती बाइक चालवतच. पुण्याहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट ट्रॅकच्या बाजूनं जातो. अकराशेहून जास्त किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उतरले तेव्हा मागचा टायर मध्ये असा सपाट झाला होता की पहिल्या सेशनभर मी बाइकशी भांडत होते. त्यानंतर आम्ही चौघं मिळून टेम्पो करतो.

त्या ट्रॅकबद्दल थोडं. १९९०पासून तो आहे, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. एक लॅप ३.७१७ किलोमीटरची, बारा वळणं. फिरायचं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणजे उजवी वळणं जास्त. पहिलंच उजवं वळण फार वेगाचं आहे, सरळ रस्त्यावरून भरधाव येऊन तसंच बाइक कलवायची. तिथे टायरवर विश्वास नसेल तर हात आपोआप थ्रॉटल सोडतो. तीन ट्रॅक डे, म्हणजे आपापली बाइक ट्रॅकवर चालवायचे दिवस, मी अल्फा एच-१ वर केले. आरसे काढले, दिव्यांना टेप लावली, हवा कमी केली आणि गेले.

हवेचं थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचा ट्रॅक डे इथेच बिघडतो. रस्त्यावर मी पुढेमागे थंड टायरमध्ये २९ पीएसआय ठेवते. टायर तापला की आतली हवाही तापते, आणि एवढ्या दाबाला दर दहा अंशांमागे साधारण दीड पीएसआय वाढतात. २९ भरून ट्रॅकवर गेलात तर तीन लॅपमध्ये ३४ होतात. टायर फुगून ताठ होतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि मधला भाग जास्त तापतो. म्हणून मी तिथे थंड टायरमध्ये पुढे २७, मागे २५ ठेवते आणि सेशननंतर लगेच, टायर गरम असतानाच, पुन्हा मोजते. पुढे ३१ आणि मागे ३०च्या आसपास मिळालं की बरोबर. माझं वजन ५८ किलो आहे, तुमचं वेगळं असेल तर आकडेही सरकतील. दुपारी तिथलं डांबर हात ठेवता येणार नाही इतकं तापतं, मग सकाळची हवा दुपारी चालत नाही. आणि परत रस्त्यावर येण्याआधी हवा भरायला विसरू नका. २५ पीएसआयवर खड्ड्यात रिम वाकतो. आमच्या टेम्पोतल्या एकाचा श्रीपेरुंबुदूरला चहा प्यायला जाताना वाकला.

अल्फा एच-१ ट्रॅकवर कसा चालला? माझ्या वेगाला उत्तम. पंधरा मिनिटांच्या सेशनमधल्या पहिल्या चार लॅप तर अगदी निर्धास्त. माझी लॅप तेव्हा सव्वादोन मिनिटांच्या आसपास होती. पाचव्या-सहाव्या लॅपला मागचं चाक वळणातून बाहेर पडताना थोडं थोडं सरकायला लागतं, लोण्यावर ठेवल्यासारखं. हे कुठल्याही रस्त्याच्या टायरचं होणार, कारण त्याच्या रबराला तेवढ्या उष्णतेत सतत राहायला बनवलेलंच नाही. पण ते सरकणं आधी सांगून येतं. एकदम दगा देत नाही. ट्रॅकवर शिकणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. थ्रॉटल घाईनं उघडलं, बाइक कललेली असताना जोर दिला, की टायर लगेच कानात सांगतो. मी त्या तीन ट्रॅक डेमध्ये जेवढं शिकले तेवढं मऊ टायरवर शिकले नसते असं मला मनापासून वाटतं.

मग दुसरी जोडी घेतली कशाला? कारण पंक्चर.

एमआयडीसीत राहणाऱ्या टायरच्या नशिबात लोखंडी कीस लिहिलेला असतो. प्रेस शॉप, मशीन शॉप, भंगाराच्या गाड्या, सगळ्यांतून तो रस्त्यावर सांडतो. माझ्या मागच्या टायरला दोन पावसाळ्यांत चार पंक्चर झाली. ट्यूबलेसला भोकात रबरी दोरी घालून दहा मिनिटांत काम होतं आणि रोजच्या वेगाला ते चालतंही. पण दोरी घातलेला टायर घेऊन मी ताशी दीडशेच्या वर जाणार नाही आणि त्या पहिल्या वळणात तर मुळीच कलणार नाही. म्हणजे प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी, खाच भरपूर उरलेली असतानाही, टायर बदलायची वेळ आली. त्यात उलटी झीजही होती. रोजच्या रस्त्यानं मध्यभाग खायचा आणि ट्रॅकनं कडा. एका ट्रॅक डेनंतर मोजलं तर उजवी कड डावीपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर कमी. दोन्हीकडून खाल्लेला टायर कुठलंच काम नीट करत नव्हता. हिशेब करून बघितला तेव्हा दोन जोड्या मला एका जोडीपेक्षा स्वस्त पडत होत्या.

मऊ जोडीवर पहिल्यांदा इरुंगट्टुकोट्टईला गेले तेव्हा दोन लॅप मी मुद्दाम हळू काढल्या, टायर तापू दिले. तिसऱ्या लॅपपासून बाइकच वेगळी झाली. तिची गोलाई टोकदार आहे, त्यामुळे खांदा नुसता झुकवला तरी ती वळणात शिरते. कललेल्या अवस्थेत कडेचा भाग रुंद टेकतो. पंधरा मिनिटं संपेपर्यंत लोणी नाही. लॅप चार सेकंदांनी कमी झाली. त्यातला मोठा वाटा धीराचा आहे, आणि तो धीर टायरनं दिला. जागतिक सुपरस्पोर्ट ३०० वर्गात आमच्या आरसीची रेसिंगची बहीण पिरेलीच्या सुपरकोर्सांवर पळाली. ते टायरसुद्धा पूर्ण गुळगुळीत नाहीत, खाचांचेच. माझ्यासारखीला पूर्ण स्लिकची काही गरज नाही, त्यावर 'रस्त्यासाठी नाही' असा शिक्का असतो तो पाळायलाच हवा.

मऊ टायर खाच संपायच्या आधी मरतो, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक सेशनला तो तापतो आणि मग गार होतो. असं होता होता रबर कडक होत जातं. वहीत मी दर सेशनला एक रेघ मारते. बारा-तेरा रेघांनंतर खाच अर्धी शिल्लक होती, पण पृष्ठभाग निळसर दिसायला लागला आणि नख रुतेना. गनवर तोच आकडा यायचा, पकड मात्र पूर्वीची नव्हती. वापरलेली ट्रॅक जोडी स्वस्तात घेणार असाल तर खाच बघून फसू नका. किती सेशन झाले ते विचारा आणि नख लावून बघा.

आता ते दुसरं दुकान. २०२२च्या सुरुवातीला घाईत होते, भोसरीच्या काकांकडे माप नव्हतं, म्हणून दुसरीकडे गेले. टायर चकचकीत, कागदी लेबल जसंच्या तसं. चढवून घरी आल्यावर बाजूवरचे चार आकडे वाचले: १४१९. म्हणजे २०१९च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. तीन वर्षं कुठल्या पत्र्याच्या गोदामात तापला असेल कोण जाणे. बिलावर नवीन म्हणूनच लावला होता. परत घ्यायला तयार झाले नाहीत, "चढवलेला टायर परत होत नाही" एवढंच उत्तर. तो टायर वर्षभरही वापरला नाही, पावसात त्याची भीती वाटायची. तेव्हापासून टायर रिमवर चढायच्या आधी मी स्वतः चार आकडे वाचते. शेवटचे दोन वर्ष, पहिले दोन आठवडा. सोबत वेगाचं अक्षरही बघा: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०पर्यंत. पण ते अक्षर वेग सहन करण्याबद्दल आहे, पकडीबद्दल नाही. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं सांगतात.

भोसरीच्या काकांचं मला कौतुक वाटतं. त्यांच्याकडे मशीन आहे, तरी बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, बसवताना हातानं साबणाचं पाणी लावतात, रिमला ओरखडा येऊ देत नाहीत, व्हॉल्व्ह दर वेळी नवीन घालतात आणि टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा बसत नाही ना ते दोनदा बघतात. घसरले त्या आठवड्यात लंगडत गेले तर त्यांनी मागचं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हा टायर उन्हाचा आहे. थंडीत याला घेऊन नका फिरू." मी गन आणि वही घेऊन जे शोधत होते ते त्यांना बघून कळलं होतं. आता चेन्नईहून आलो की रविवार असला तरी ते दुकान अर्धा तास उघडतात.

पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्यानं माझं ऐकलं तर मऊ टायर घेऊ नये. ते पैसे चांगल्या लेदर सूटमध्ये घाला. रोजचा चांगला रेडियल, पंक्चर नसलेला, मध्ये सपाट न झालेला, हवा मोजून, एवढं पुरे. वर्षाला तीन-चार ट्रॅक डे व्हायला लागले आणि सेशन संपायच्या आधीच टायर थकतोय असं जाणवलं, तर दुसरी जोडी घ्या. आणि ज्यांना ट्रॅकवर जायचंच नाही, फक्त सिंहगडला जाऊन टायरच्या कडा घासलेल्या दिसायला हव्यात म्हणून मऊ टायर हवाय, त्यांनी तो मुळीच घेऊ नये. घाटात समोरून एसटी येते, रेती असते, ऊस सांडलेला असतो. तिथे टायर ७० अंशांवर नेणारा माणूस स्वतःला आणि दुसऱ्यालाही धोक्यात घालतो. मला याबद्दल मवाळ लिहिता येत नाही.

या आठवड्यात मोजलं: मागचा अल्फा एच-१ मध्यभागी २.१ मिलिमीटर, कडेला ४.७, एक पंक्चर. मे संपायच्या आत बदलणार. काकांना सांगून ठेवलंय, आकडे मला फोनवर वाचून दाखवा, मगच मी येते.